भरल्या पोटी भूल

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रुग्णाला काही तास उपाशी ठेवतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी घरी पाहिले असेल. सकाळचा चहासुद्धा मिळाला नाही म्हणून आजोबा कुरकुर करतात आणि आजी त्यांची समजूत काढते. या उपासाचा साधारण नियम असा, की भूल देण्यापूर्वी सहा तास घन अन्न घ्यायचे नाही आणि दोन तास पाणीही प्यायचे नाही. पोट रिकामे असल्याखेरीज भूलतज्ज्ञ सहसा भूल द्यायला तयार होत नाहीत.

पण अपघात काही उपास धरून येत नाही. अशी कल्पना करा, की एक शेतकरी रात्री पिठले-भाकरी खाऊन शेतावरचा पंप सुरू करायला निघाला. वाटेत अंधारात मोटारसायकल घसरली आणि हँडल पोटात बसले. पोटाच्या डाव्या बाजूला बरगड्यांखाली प्लीहा (पाणथरी) नावाचे रक्ताने भरलेले नाजूक इंद्रिय असते, ते फाटले. जिल्हा रुग्णालयात पोहोचेपर्यंत तास गेला. पोटात रक्त साठत आहे आणि ते ताबडतोब थांबवले नाही तर माणूस वाचणार नाही. सहा तास थांबायला सवडच नाही. शिवाय थांबून फारसा उपयोगही नाही. कारण मोठी इजा झाली, तीव्र वेदना होऊ लागल्या की जठराची हालचाल जवळजवळ बंद पडते. अपघाताच्या वेळी पोटात असलेली भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळीही तेथेच सापडू शकते. म्हणून 'शेवटचे केव्हा जेवला?' एवढेच विचारून डॉक्टर थांबत नाहीत. 'जेवण आणि अपघात यांच्यामध्ये किती वेळ गेला?' हेही ते विचारतात.

अशा भरल्या पोटी भूल कशी देतात आणि त्या वेळी भूलतज्ज्ञाच्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेचे काम काय असते, हे आपण पाहू. सिनेमात ती फक्त हत्यारे हातात देताना दिसते. प्रत्यक्षात तिच्याकडे पुष्कळ अधिक काम असते. (हे काम कोठे परिचारिका करते, कोठे परिचारक, तर कोठे शस्त्रक्रियागृहातील प्रशिक्षित तंत्रज्ञ. सोयीसाठी आपण 'परिचारिका' म्हणू.)

घशातला तिठा

आपल्या घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता एकत्र येतो आणि पुन्हा वेगळा होतो. पुढच्या बाजूला स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनलिका. तिच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून, अन्ननलिका. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्याच्यावरचे झाकण मिटते आणि घास मागच्या रस्त्याने खाली जातो. बोटाने घाटी (कंठमणी) हलकेच धरून थुंकी गिळा, म्हणजे स्वरयंत्र वर सरकलेले कळेल. चुकून एखादा कण पुढच्या रस्त्यात शिरलाच, तर जोराचा ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. जेवताना बोलू नये असे वडीलधारी माणसे सांगतात, त्याचे शारीरिक कारण हेच.

जठराच्या वरच्या तोंडाशीही स्नायूंचे एक कडे असते. ते आवळलेले असते म्हणून आपण आडवे झालो तरी जेवण वर येत नाही.

भूल दिल्यावर ही सारी पहारेकरी मंडळी झोपी जातात. जठराच्या तोंडाचे कडे सैल पडते, गिळणे थांबते, ठसका लागत नाही. आडव्या झोपलेल्या माणसाच्या जठरातील अन्न आणि आम्ल अन्ननलिकेतून मुकाट्याने वर येते आणि घशातून श्वासनलिकेत उतरते. अन्नाचा तुकडा असला तर रस्ता बुजतो. पातळ आम्ल असले तर ते फुप्फुसातील नाजूक वायुकोशांना भाजून काढते. जठराचे अस्तर हे आम्ल सहन करण्यासाठी बनलेले आहे, फुप्फुस नाही.

या संकटाचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास न्यूयॉर्कमधील कर्टिस मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञांनी १९४६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी आपल्या प्रसूतिगृहातील ४४,०१६ नोंदी तपासल्या. त्यांपैकी ६६ स्त्रियांच्या फुप्फुसांत भुलेच्या वेळी पोटातील पदार्थ उतरले होते. दोघी दगावल्या, दोघींचाही श्वासमार्ग घन अन्नाने बंद झाला होता. मेंडेल्सन यांनी सशांवर प्रयोग करून हेही दाखवले, की फुप्फुसाला होणाऱ्या दाहाचे मूळ जठरातील आम्लात आहे. प्रसूतीच्या वेळीही जठर रिकामे होण्यास फार वेळ लागतो. तेव्हा अडलेली बाळंतीण आणि आपला अपघातग्रस्त शेतकरी हे भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने एकाच रांगेत बसतात.

यावर उपाय एकच. श्वासनलिकेत नळी बसवायची आणि नळीभोवती असलेला छोटा फुगा फुगवून बाजूची फट बंद करायची. मग वरून काही आले तरी खाली उतरायला वाट राहत नाही. परंतु जागेपणी घशात अशी नळी घालू गेल्यास उबळी येतील, ठसके लागतील. म्हणून आधी शिरेतून झोपेचे औषध द्यायचे आणि लगेच त्यामागे स्नायू सैल करणारे औषध. हे दुसरे औषध सर्व स्नायू सैल करते, त्यांत श्वासाचे स्नायूही आले. १९५१ पासून वापरात असलेले सक्सामिथोनियम हे औषध एका मिनिटाच्या आत काम करते. पापण्या, मान, मग हातपाय अशी एक बारीक थरथर अंगावरून जाते आणि रुग्ण निश्चल होतो.

आता नीट विचार करा. या क्षणी रुग्ण स्वतः श्वास घेत नाही आणि यंत्राचा श्वास अजून सुरू झालेला नाही. पोट भरलेले आहे आणि पहारेकरी झोपलेले आहेत. ही मधली मिनिटे शक्य तितकी लहान करायची आणि तेवढा वेळ रुग्णाला सांभाळायचे, यासाठी जी ठरीव क्रमाची पद्धत वापरतात, तिची मांडणी १९७० साली स्टेप्ट आणि साफार या दोघांनी केली. पीटर साफार म्हणजे तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत शास्त्रीय पायावर उभी करणारे डॉक्टर.

प्राणवायूची शिदोरी

श्वास थांबला तर माणूस किती वेळ तग धरतो? हे गणित तुम्हांला करता येईल. साधा उच्छ्वास सोडल्यावरही प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत सुमारे २,५०० मिलिलिटर हवा उरते. हवेत प्राणवायू २१ टक्के, म्हणजे फुप्फुसांत झाला सुमारे ५२५ मिलिलिटर. शरीराला विश्रांतीच्या वेळी दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. म्हणजे शिल्लक दोन मिनिटांची; आणि तीही सारी वापरता येत नाही. नळी बसवायला अडचण आली, तर एवढ्याने भागत नाही.

आता रुग्णाला भूल देण्याआधी तीन मिनिटे घट्ट मास्कमधून शुद्ध प्राणवायू घ्यायला लावला तर? फुप्फुसांतील नायट्रोजन धुऊन निघतो आणि त्याची जागा प्राणवायू घेतो. २,५०० मिलिलिटरपैकी दोन हजारांहून अधिक प्राणवायू झाला, तर शिदोरी आठ मिनिटांच्या घरात जाते. एक पैशाचे औषध न देता दोनाचे आठ झाले! अर्थात हा हिशेब निरोगी माणसाचा. लठ्ठ माणसाची किंवा गरोदर स्त्रीची शिल्लक बरीच कमी असते. लहान मुलाच्या शरीरात प्राणवायू झपाट्याने खर्च होतो, आणि रक्त गेलेल्या माणसाकडे तो वाहून नेणारे रक्तच थोडे असते.

या तीन मिनिटांत एक बारीक गोष्ट महत्त्वाची असते. मास्क आणि गाल यांच्यामध्ये थोडी जरी फट राहिली, तरी प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरची हवा आत शिरते आणि नायट्रोजन परत येतो. दाढी असली, दात नसल्याने गाल आत गेलेले असले, की फट हमखास राहते. घाबरलेला रुग्ण तर मास्क ओढून काढू पाहतो, त्याला गुदमरल्यासारखे वाटते. येथे परिचारिका कामाला येते. ती मास्क बसला आहे की नाही ते पाहते, रुग्णाचा हात धरते, 'काका, हा नुसता प्राणवायू आहे, मोठा श्वास घ्या' असे म्हणत राहते. आणखी एक गोष्ट ती आधीच सांगून ठेवते : 'झोप लागताना मी गळ्यावर थोडे दाबणार आहे, घाबरू नका.' ही मायेची वागणूक आहेच, पण शांत माणसाचा प्राणवायू कमी खर्च होतो, हे शास्त्रही त्यामागे आहे.

उशीखालची नळी

भूल देण्यापूर्वी परिचारिका जी मांडामांड करते, ती वरवर पाहता स्वयंपाकाच्या तयारीसारखी दिसते. पण तिच्यातील प्रत्येक वस्तूची जागा विचाराने ठरलेली असते.

चोषणयंत्राची नळी सुरू करून, आवाज ऐकून, रुग्णाच्या उशीखाली उजव्या बाजूला खोचून ठेवतात. का? घशात अचानक पाणी आले तर भूलतज्ज्ञाने मान न वळवता, नुसता हात खाली नेऊन ती उचलायची असते. शोधाशोध करायला गेलेले पाच सेकंद फार महाग पडतात. खाट डोक्याच्या बाजूने खाली झुकते ना, तेही आधी पाहायचे. उलटी झाली तर डोके खाली केल्याने ती फुप्फुसाकडे न जाता तोंडाकडे वाहते. येथे गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूचे होते.

मग स्वरयंत्र पाहण्याचा दिवा, म्हणजे लॅरिंगोस्कोप. त्याचे वाकडे पाते ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी १९४३ साली प्रसिद्ध केले आणि अजूनही जगभर तेच सर्वांत अधिक वापरात आहे. आता पुष्कळ ठिकाणी पात्याच्या टोकाला छोटा कॅमेरा असलेले उपकरणही मिळते. दिवा लागतो ना ते पाहायचे आणि दुसरा दिवा तयार ठेवायचा, कारण पहिला नेमका त्याच वेळी विझतो! नळ्या दोन मापांच्या घ्यायच्या, ठरलेल्या मापाची आणि तीहून एक लहान. नळीचा फुगा फुगवून, गळत नाही याची खात्री करून, पुन्हा रिकामा करायचा. औषधांच्या पिचकाऱ्यांवर नावे चिकटवलेली असली पाहिजेत, कारण दोन निरनिराळी औषधे पाण्यासारखीच दिसतात.

हा दिवा भूलतज्ज्ञ नेहमी डाव्या हातात धरतात आणि नळी उजव्या हाताने घालतात. एकदा पाते तोंडात गेले आणि स्वरपटल दिसले, की त्यांनी नजर हलवायची नसते. ते नुसता उजवा हात पुढे करतात आणि नळी योग्य टोकाने, योग्य दिशेने त्या हातात यायला हवी. अनुभवी परिचारिका त्याच वेळी एका बोटाने रुग्णाच्या ओठाचा उजवा कोपरा बाजूला ओढते, म्हणजे नळीला वाट होते. काही न बोलता हे सारे होते. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही घडले असे वाटतही नाही.

भूल देण्याचे काम आपल्या देशात डॉक्टरांचे आहे. परंतु सर्वत्र तसे नाही. अमेरिकेत स्वतंत्र शिक्षण घेतलेल्या परिचारिका भूल देतात आणि त्यांची परंपरा जुनी आहे. तेथील मेयो बंधूंच्या रुग्णालयात ॲलिस मॅगॉ ही परिचारिका ईथर आणि क्लोरोफॉर्म यांची भूल देत असे. १९०६ साली तिने चौदा हजारांहून अधिक भुलींचा अहवाल छापला. त्यांत भुलेमुळे झालेला मृत्यू एकही नव्हता. त्या काळी हृदयाचे ठोके दाखवणारा पडदा नव्हता की प्राणवायू मोजणारे यंत्र नव्हते. तिचे यंत्र म्हणजे रुग्णाचा चेहरा, श्वास आणि नाडी.

मुद्रिकेवरची बोटे

आता गळ्यावर दाबण्याच्या त्या प्रकाराकडे वळू. लंडनचे भूलतज्ज्ञ ब्रायन सेलिक यांनी १९६१ साली तो सुचवला.

श्वासनलिका मऊ असूनही मिटत नाही, कारण तिच्यात कूर्चेची कडी असतात. मात्र ही कडी पुरी गोल नसतात. ती घोड्याच्या नालेसारखी असतात आणि त्यांची उघडी बाजू मागे, अन्ननलिकेकडे असते. याला अपवाद फक्त एका कड्याचा. घाटीच्या लगेच खाली, स्वरयंत्राच्या पायथ्याशी, एक पूर्ण गोल कडे आहे. पुढे अरुंद आणि मागे रुंद, अगदी शिक्क्याच्या अंगठीसारखे. त्याला मुद्रिका कूर्चा म्हणू. सेलिक यांची कल्पना अशी, की या पूर्ण कड्यावर पुढून दाब दिला तर कडे चेपणार नाही, म्हणजे हवेची वाट उघडी राहील; पण कड्याची मागची रुंद बाजू आणि मणका यांच्यामध्ये अन्ननलिका मिटेल. हवेचा रस्ता चालू ठेवून अन्नाचा बंद करायचा. इतकी साधी युक्ती, आणि तिला लागतात फक्त अंगठा आणि दोन बोटे!

सेलिक यांनी धोक्याच्या २६ रुग्णांवर ही युक्ती वापरली. दाब चालू असताना एकाच्याही घशात काही आले नाही. तिघांच्या बाबतीत, नळी बसवल्यावर दाब सोडताच पोटातील पाणी घशात आले. म्हणजे तोवर बोटांनी ते अडवून धरले होते.

ही बोटे परिचारिकेची असतात, कारण भूलतज्ज्ञाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. दाब किती हवा? रुग्ण जागा असताना सुमारे १० न्यूटन, म्हणजे एक किलोग्रॅम वजनाइतका; झोप लागताच ३० न्यूटन, म्हणजे तीन किलोग्रॅमचा. कमी पडला तर उपयोग नाही, जास्त झाला तर श्वासमार्गच वाकडा होतो आणि नळी जात नाही. मग तीन किलोचा दाब बोटांना कसा शिकवायचा? स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दाबून पाहता येते. दुसरी एक पद्धत तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातली आहे. ५० मिलिलिटरची पिचकारी हवेने भरून तिचे टोक बंद करायचे आणि दट्ट्या ३३ च्या खुणेपर्यंत दाबायचा. बॉईलच्या नियमाप्रमाणे आकारमान दोन तृतीयांश झाले म्हणजे दाब दीडपट झाला. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० न्यूटन. तेव्हा वाढलेला दाब ५ न्यूटन. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा : ३० न्यूटन! हा प्रयोग पिचकारीवर अवश्य करा; स्वतःच्या किंवा मित्राच्या गळ्यावर मात्र मुळीच नाही.

दाब देण्याइतकेच तो केव्हा सोडायचा हे कळणेही महत्त्वाचे आहे. रुग्णाला खरोखरची जोराची उलटी होऊ लागली तर बोटे तत्काळ काढायची. नाही तर आत कोंडलेल्या दाबाने अन्ननलिका फाटण्याची भीती. 'दिसत नाही, हात सैल करा' असे भूलतज्ज्ञ म्हणाले तर सैल करायचा. एरवी नळी बसली, फुगा फुगवला, नळी योग्य जागी असल्याची खात्री झाली आणि 'सिस्टर, सोडा' असे शब्द कानांवर पडले, की मगच सोडायचा.

या युक्तीबद्दल शास्त्रज्ञांत एकमत आहे असे मात्र समजू नका. २००३ साली चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने गळ्याची चित्रे घेतली, तेव्हा पुष्कळांची अन्ननलिका कड्याच्या नेमकी मागे नसून थोडी बाजूला असल्याचे आढळले, आणि दाबल्यावर ती आणखी बाजूला सरकत होती. फ्रान्समध्ये ३,४७२ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांवर खरा दाब दिला, निम्म्यांवर नुसती बोटे ठेवली. आणि भूलतज्ज्ञाला काय चालले आहे ते कळू नये म्हणून परिचारिकेचा हात झाकलेला होता. फुप्फुसात अन्न उतरण्याचे प्रकार एका गटात १०, दुसऱ्यात ९. फरक जवळजवळ नाहीच. दाब नसलेल्या गटात नळी बसवणे मात्र सोपे गेले. तरी असे प्रकार मुळातच इतके थोडे घडले, की 'दाब निरुपयोगी आहे' असे ठामपणे सिद्ध झाले असेही संशोधकांना म्हणता आले नाही. आज काही देशांत ही पद्धत चालू आहे, काही ठिकाणी सोडून दिली आहे. माझ्या मते साठ वर्षांची सवय तपासून पाहण्याचे धैर्य या चाचणीत होते, हीच तिची मोठी गोष्ट. शिवाय ती परिचारिकांनी दोन्ही प्रकारे हात प्रामाणिकपणे धरल्याखेरीज पारच पडली नसती.

नळी कोठे गेली?

नळी आत गेली. पण श्वासनलिकेत गेली की मागच्या अन्ननलिकेत? छाती हलते, नळीत वाफ दिसते, कानाला आवाज येतो; ही सारी लक्षणे फसवू शकतात. न फसवणारा पुरावा तुम्ही शाळेत पाहिला आहे. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, कारण उच्छ्वासात कार्बन डाय-ऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो टक्क्याच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो. उच्छ्वासात तो चार-पाच टक्के असतो. जठरातून तो असा सतत येत नाही. शस्त्रक्रियागृहात निवळीऐवजी अवरक्त किरणांचे यंत्र असते. हा वायू ते किरण शोषून घेतो, त्यावरून पडद्यावर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर एक उंचवटा उमटतो. पाचसहा श्वास ओळीने उंचवटे आले म्हणजे नळी जागेवर आहे. एकदोन उंचवट्यांवर विश्वास ठेवत नाहीत. रुग्णाने नुकताच सोडा प्यालेला असला तर तेवढे जठरातूनही येऊ शकतात! रेघ सपाट राहिली, तर नळी चुकीच्या जागी आहे असे धरून ती काढायची.

हा पडदा भूलतज्ज्ञाइतकाच परिचारिकेनेही पाहायचा असतो आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगायचे असते.

मोठ्याने सांगण्याचे महत्त्व

बोटाला लावायचे प्राणवायूमापक यंत्र आता सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यामागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडली. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवून ते रक्ताची लाली जोखते. शस्त्रक्रियागृहातील यंत्राची टिकटिक प्राणवायू कमी होऊ लागला की खालच्या स्वरात जाते. कान तयार असलेली परिचारिका आकडा न पाहताही चमकते. पण हे यंत्र बातमी उशिराच देते. शिदोरी संपत आली तरी आकडा बराच वेळ ९८-९९ वरच असतो. ९० च्या खाली गेला की मात्र घसरगुंडी सुरू होते.

नळी जात नसेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याचा मोह होतो. प्रत्येक प्रयत्नाने घसा सुजतो, रक्त येते आणि पुढचा प्रयत्न अधिक अवघड होतो. म्हणून ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या २०१५ च्या मार्गदर्शनात मर्यादा घातली होती : प्रयत्न तीन, चौथा केवळ अधिक अनुभवी व्यक्तीने. नंतर दुसरा मार्ग धरायचा. मास्क आणि पिशवीने श्वास द्यायचा आणि तेही साधेना, तर गळ्याला पुढून छेद देऊन सरळ श्वासनलिका गाठायची. (पिशवी दाबून श्वास देणे किती काळ चालू शकते? १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हातांनी पिशव्या दाबून, रुग्णांना आठवडेच्या आठवडे जगवले.)

मर्यादा कागदावर असली तरी ती त्या क्षणी कोणाला आठवते, हा खरा प्रश्न. इंग्लंडमध्ये २००५ साली घडलेली एक घटना यासाठी जगभर अभ्यासली जाते. मार्टिन ब्रॉमिली या वैमानिकाच्या पत्नी एलेन यांच्यावर नाकालगतच्या पोकळ्यांची साधी शस्त्रक्रिया व्हायची होती. तातडी नव्हती, पोट रिकामे होते. भूल दिल्यावर मात्र श्वासमार्ग मोकळा राहीना, नळीही जाईना. मास्कनेही श्वास देता येईना. प्राणवायूचा आकडा ४० च्या आसपास गेला. खोलीत अनुभवी, जाणते डॉक्टर होते, एक नव्हे तीन. ते नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले. वीसहून अधिक मिनिटे गेली.

त्याच खोलीतील परिचारिकांना काय करायला हवे ते उमगले होते. एकीने गळ्याला छेद देण्याची सामग्री मागवली आणि ती आली असल्याचे डॉक्टरांना सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात दूरध्वनी करून खाट राखून ठेवली. तिने तसे सांगितल्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यांवर तिला असा भाव दिसला, की एवढे काय झाले आहे? तिने खाट रद्द केली. सामग्री वापरली गेली नाही. एलेन पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. तेरा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

चौकशीत आढळले, की डॉक्टरांना किती वेळ गेला याचे भानच राहिले नव्हते. यात निष्काळजीपणा नव्हता. एखाद्या कामात मन पूर्ण गुंतले की काळाची जाणीव नाहीशी होते, ऐकू आलेले शब्द मनापर्यंत पोहोचत नाहीत. मेंदूचा हा स्वभावच आहे. परीक्षेत एका अवघड गणितात अडकून बाकीचे प्रश्न राहून गेल्याचा अनुभव तुम्हांलाही असेल. ज्याचा हात गुंतलेला नाही, त्यालाच घड्याळ दिसते.

विमानात वैमानिकांना हे शिकवलेले असते. कनिष्ठाने धोका दिसताच स्पष्ट शब्दांत सांगायचे आणि वरिष्ठाने ते ऐकायचे, याचा ते सराव करतात. मार्टिन ब्रॉमिली यांनी डॉक्टरांना शिक्षा व्हावी असा आग्रह न धरता, हीच शिकवण रुग्णालयांत यावी यासाठी २००७ साली एक संस्था उभी केली. आज प्रशिक्षणात परिचारिकांना आकडे मोठ्याने म्हणायला शिकवतात : 'दोन प्रयत्न झाले.' 'तीन मिनिटे झाली.' 'प्राणवायू ८५.' 'पिशवीने श्वास देऊ या का?' गळ्याच्या छेदाची सामग्री नुसती आणून ठेवायची नाही. उघडून, नाव घेऊन, हातात द्यायची. 'सामग्री इथे आहे' असे म्हणण्यापेक्षा 'डॉक्टर, नळी जात नाही, आता छेद घ्यावा लागेल' असे म्हणायचे. आपल्याकडे वयाचा आणि पदाचा मान राखून बोलण्याची रीत आहे. त्यामुळे हे वाक्य उच्चारणे सोपे नाही, ते आधी सरावाने जिभेवर बसवावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एका पानाची तपासणी-यादी तयार केली. तिचा पहिला भाग भूल देण्यापूर्वी वाचायचा असतो आणि त्या वेळी निदान भूलतज्ज्ञ आणि परिचारिका या दोघांनी हजर असलेच पाहिजे. त्यात एक प्रश्न आहे : या रुग्णाचा श्वासमार्ग अवघड आहे काय, किंवा पोटातील पदार्थ फुप्फुसात उतरण्याचा धोका आहे काय? उत्तरासाठी दोनच चौकोन आहेत. एक 'नाही'. दुसरा 'होय, आणि साहित्य व मदतनीस तयार आहेत.' आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत परिचारिका दुसऱ्या चौकोनात खूण करील. नुसत्या 'होय' साठी त्या कागदावर चौकोनच ठेवलेला नाही.